दादा कोंडके यांचे चित्रपट : चाहत्यांचा वाद आणि हशाची पारख

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्याला गेले. असा वारसा सांगणाऱ्या या दोन गावांच्या रसिकांपुढे, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून, दादा कोंडके यांच्या चित्रपटांविषयी बोलावे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. वेदान्त आणि अर्थकारण यांच्या पंक्तीला लोंबत्या नाडीच्या चड्डीतला नायक आणून बसवणे काहींना खटकेल. तथापि, ज्या विषयावर माणसे आपण होऊन, कोणी न बोलावता वाद घालतात, तो विषय विचाराला अपात्र आहे असे आम्ही मानत नाही. दादांना जाऊन आज पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरी चार चाहते जमले, की ‘सोंगाड्या श्रेष्ठ की पांडू हवालदार?’, ‘शेवटचे चित्रपट दादांनी काढले नसते तर बरे झाले असते काय?’, ‘घरच्या माणसांबरोबर हे पाहावे काय?’ हे प्रश्न निघतातच. वाद तावातावाने होतो, आणि बहुधा कोणीच कोणाचे ऐकून घेत नाही. असे का होते, आणि हा वाद अधिक शहाणपणाने कसा घालता येईल, एवढाच आमच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम थोडी माहिती. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म १९३२ सालचा, मुंबईच्या नायगाव भागातल्या चाळीतला, गिरणी कामगाराच्या घरातला. बँडपथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, ‘अपना बाजार’मधली नोकरी अशी वाटचाल करीत ते लोकनाट्यात आले. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या हवालदाराच्या भूमिकेने दादांचे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ या १९६९ सालच्या चित्रपटातून ते पडद्यावर आले. १९७१ साली त्यांनी स्वतः निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. त्याचे लेखन सबनीसांचे व दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. पाठोपाठ १९७२ साली ‘एकटा जीव सदाशिव’ आला, त्याचेही दिग्दर्शक कुलकर्णीच. दिग्दर्शनाची सूत्रे दादांनी स्वतः हाती घेतली ती १९७५ सालच्या ‘पांडू हवालदार’पासून. पुढे ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथे गुदगुल्या’ (१९७८), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०), ‘आली अंगावर’ (१९८२) असा ओघ चालू राहिला. १९८४ पासून काही हिंदी चित्रपटही झाले. १४ मार्च १९९८ रोजी दादा निवर्तले. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले, आणि या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली.

हा आकडा चाहते नेहमी ब्रह्मास्त्रासारखा वापरतात. ‘नऊ रौप्यमहोत्सव! आता आणखी काय पाहिजे?’ असे म्हटले की वाद संपला, असे त्यांना वाटते. वस्तुतः वाद तेथून सुरू व्हावयास हवा. पंचवीस आठवडे लोक आले, एवढेच हा आकडा सांगतो. ते कशासाठी आले आणि काय घेऊन गेले, हे तो सांगत नाही.

वादाचे तीन पक्ष

जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीप्रमाणे आपण आधी पूर्वपक्ष मांडू.

पहिला पक्ष म्हणतो, की दादांचे चित्रपट म्हणजे चावटपणा. तो काढून टाकला तर मागे काही उरत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, की दादा म्हणजे अस्सल मराठी मातीचा विनोद. त्यास नाक मुरडणारे लोक पुस्तकी आहेत, आणि पाहणाऱ्याच्याच मनात घाण आहे. तिसरा पक्ष मध्यममार्गी आहे. तो म्हणतो, की आरंभीचे दादा थोर, पुढचे दादा टाकाऊ. मधे कोठेतरी रेघ ओढावी. ती रेघ नेमकी कोठे ओढावी यावरून या तिसऱ्या पक्षातच पुन्हा भांडण आहे. कोणी ती १९७५ नंतर ओढतो, कोणी १९८२ नंतर, कोणी हिंदी चित्रपटांपाशी.

तिन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, पण तिघेही तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. पहिला नीतीविषयी बोलतो, दुसरा भाषेविषयी आणि तिसरा कलेविषयी. एकाने मापे काढावी, दुसऱ्याने वजन करावे आणि तिसऱ्याने रंग पाहावा, आणि मग तिघांनी एकमेकांना खोटे ठरवावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून आपण हे प्रश्न सुटे करून पाहू.

द्व्यर्थाचे व्याकरण

दादांच्या विनोदाचे मुख्य हत्यार द्व्यर्थ, म्हणजे एका वाक्याचे दोन अर्थ होणे. आपल्या साहित्यशास्त्राला हे नवीन नाही. श्लेष हा तर अलंकारच आहे, आणि पंडित कवींनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कसरती केल्या आहेत. पण पंडितांचा श्लेष आणि दादांचा द्व्यर्थ यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पंडित एका शब्दाचे दोन अर्थ करतो. दादा बहुतेक वेळा शब्दाला हातही लावत नाहीत. ते वाक्यातला एक शब्द गाळतात.

त्यांच्या चित्रपटांची नावेच पाहा. ‘आली अंगावर’. कोण आली? कर्ता नाही. गुरे राखणारा हेच वाक्य म्हशीविषयी म्हणेल, व्यापारी ते उधारीविषयी म्हणेल, आणि फजिती झालेला मनुष्य एखाद्या भानगडीविषयी म्हणेल. ‘बोट लावीन तिथे गुदगुल्या’. कोठे लावीन? स्थळ नाही. १९९६ सालचे ‘वाजवू का’ घ्या. काय वाजवू? कर्म नाही. मराठी क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष स्वतःच्या अंगावर वागवते, त्यामुळे कर्ता किंवा कर्म गाळले तरी आपले वाक्य उभे राहते. ही आपल्या भाषेची सोय आहे. घरात आपण दिवसभर अशीच अर्धी वाक्ये बोलत असतो. दादांनी ही मोकळी जागा ओळखली आणि ती तशीच मोकळी ठेवून प्रेक्षकाच्या हवाली केली. ती प्रेक्षकाने भरावयाची. दादा मात्र साळसूदपणे दुसरीकडे पाहणार!

या युक्तीपुढे चित्रपट तपासणाऱ्यांची जी अडचण होते, ती सहज ध्यानात येईल. १९५२ च्या चित्रपटविषयक कायद्यान्वये तपासणी मंडळ आक्षेपार्ह शब्द वगळण्यास सांगू शकते, पण जो शब्द उच्चारलाच नाही तो वगळणार कसा? ‘या वाक्याचा अर्थ वाईट आहे’ असे म्हणावे, तर तो आपल्या मनात आला अशी कबुली द्यावी लागते. दुसऱ्या पक्षाचे ‘घाण पाहणाऱ्याच्या मनात आहे’ हे म्हणणे येथपर्यंत खरे आहे, पण येथपर्यंतच. कारण जागा मोकळी ठेवणाऱ्याला ती कशाने भरली जाणार आहे, हे पुरते ठाऊक असते. कुलूप न लावता तिजोरी रस्त्यावर ठेवणाऱ्याने चोरीविषयी आश्चर्य दाखवू नये.

मग हा दोष म्हणावा की गुण? मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत. लाज वाटायला लावणारे, किळस आणणारे आणि अमंगलाची सूचना करणारे. म्हणजे केवळ शृंगारिक बोलणेच अश्लील, असे आपल्या शास्त्रकारांनी मानले नाही. आणि विशेष म्हणजे, प्रसंगपरत्वे हे दोष दोष राहत नाहीत, असेही तोच मम्मट सांगतो. तेव्हा ‘शब्द कोणता?’ यापेक्षा ‘तो कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी, कशासाठी?’ हा प्रश्न मोठा ठरतो.

भोळेपणाचा आधार

दादांच्या आरंभीच्या चित्रपटांत या प्रश्नाला चोख उत्तर आहे. ‘सोंगाड्या’तला नाम्या हा शरीराने पुरुष आणि मनाने मूल आहे. कडक आईच्या धाकात वाढलेला हा पोरगा तमाशा पाहतो, कलावतीवर लुब्ध होतो, आणि आईने घराबाहेर काढल्यावर तमाशातच सोंगाड्या होतो. त्याच्या तोंडून निघालेल्या वाक्याला दुसरा अर्थ आहे हे सगळ्या गावाला कळते, प्रेक्षकाला कळते. फक्त त्याला कळत नाही. हशा येतो तो या अंतरामुळे. आणि हसता हसता आपल्याच ध्यानात येते, की बिलंदर आपण आहोत, निर्मळ तो आहे. ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये हेच अंतर निराळ्या तऱ्हेने येते. श्रीमंताघरी जन्मून गरिबाघरी खेड्यात वाढलेला मुलगा पुन्हा श्रीमंतांत नेला जातो, आणि त्याच्या भोळ्या डोळ्यांतून त्या वाड्यातले शिष्टाचार हास्यास्पद दिसू लागतात. हे कथासूत्र इतके भक्कम होते, की २००० साली त्यावरून ‘जिस देश में गंगा रहता है’ हा हिंदी चित्रपट निघाला.

‘पांडू हवालदार’ हाही या कसोटीस उतरतो. पांडू भोळा आणि सरळ, तर अशोक सराफ यांचा सखाराम हवालदार तयार आणि लबाड. दोघांची जोडी समोरासमोर ठेवल्यामुळे विनोद वर्दीवर न जाता वर्दीतल्या खोटेपणावर जातो. येथे रोहेकरांना एक गोष्ट विशेष पटावी. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना देण्याची परंपरा आहे. ज्या गावाला तो मान इतका मोलाचा वाटतो, तेच गाव पांडूला पाहून पोट धरून हसते. यात विसंगती काहीच नाही. ज्या अधिकाराचा मान ठेवला जातो, त्याच अधिकारावर हसण्यात गंमत असते. कोणी ढुंकून पाहत नाही त्याची थट्टा करून काय मिळणार? पुढे पोलीस शिपायाला ‘पांडू’ म्हणण्याची रीतच पडली, आणि २०२१ साली ‘पांडू’ याच नावाचा मराठी चित्रपट आला. एखादे पात्र सामान्यनाम होऊन बसणे, हे यश रौप्यमहोत्सवाहून मोठे आहे.

आता पुढच्या चित्रपटांकडे वळू. तेथे वाक्य तेच, मोकळी जागा तीच, पण बोलणारा बदललेला आहे. नायकालाही आता दुसरा अर्थ कळतो, आणि त्याला तो कळतो हे तो आपल्याला कळवतो. अंतर नाहीसे झाले. भोळ्याच्या तोंडची चूक गेली आणि जाणत्याचा डोळा मारणे आले. शब्द सारखेच असून परिणाम का उतरतो, याचे कारण येथे आहे. म्हणून तिसऱ्या पक्षाला आम्ही असे सुचवतो, की रेघ सालावर ओढू नये. ती प्रत्येक चित्रपटात, किंबहुना प्रत्येक प्रसंगात, नायकाच्या भोळेपणावर ओढावी. उशिराच्या चित्रपटातही एखादा प्रसंग या कसोटीला उतरतो, आणि आरंभीच्या चित्रपटातही एखादा घसरतो.

शिमग्याची मोकळीक

पहिल्या पक्षाच्या आक्षेपाचा विचार करताना आपल्या कोकणपट्टीतली एक रीत ध्यानी घ्यावी लागते. शिमग्यात होळीपुढे बोंब मारण्याची, एरवी तोंडातून न निघणारे शब्द मोठ्याने बोलण्याची मुभा असते. वर्षभर ज्यांच्यासमोर मान खाली घालावयाची त्यांची टवाळी त्या दिवसांत चालते. सोंगे निघतात, आणि कोणी राग मानीत नाही. लग्नातली हळद घ्या. व्याह्यांची आणि नवरदेवाची थट्टा करणाऱ्या बायका काय काय बोलून जातात, हे गावोगावच्या हळदीला बसलेल्यांना सांगावयास नको. तमाशातही गण झाल्यावर गौळण येते, मावशी येते, बतावणी येते, आणि मगच वग. गणेशाला वंदन करून चावटपणाला प्रवेश देण्याची ही व्यवस्था आहे.

यावरून दिसते, की आपल्या लोकजीवनाने ग्राम्य विनोद हद्दपार केला नाही. त्याला दिवस आणि जागा नेमून दिली, आणि ती संपली की माणसे पुन्हा नेहमीच्या मर्यादेत आली. दादा या परंपरेतून आले. ‘त्यांनी मराठी संस्कृती बिघडवली’ हा आरोप त्यामुळे टिकत नाही; जे शिमग्यात आणि बतावणीत होते तेच त्यांनी पडद्यावर नेले. तथापि, येथेच एक अडचण उद्भवली. शिमगा वर्षातून एकदा येतो, चित्रपट रोज तीन खेळांनी चालतो. नेमलेला दिवस गेला आणि नुसती मोकळीक उरली. अनेक वर्षे तिकीट, काळोख आणि ‘केवळ प्रौढांसाठी’ची पाटी यांनी ही हद्द सांभाळली. पुढे चित्रपट दिवाणखान्यातल्या पेटीत आला, आणि आता तो प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आहे. हद्द राहिली नाही. चित्रपट बदलला नाही, पण त्याच्याभोवतीचे कुंपण गेले. घरात मुलांसमोर हे पाहताना अवघडलेला मनुष्य खोटा नाही, आणि तरुणपणी थेटरात मनमुराद हसलेला मनुष्यही खोटा नाही.

धक्क्याचे मोल काळाप्रमाणे बदलते, हेही विसरू नये. अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’मध्ये १९३८ साली नायिका पोहण्याच्या पोशाखात दिसली तेव्हा केवढा गहजब झाला होता! आज तो प्रसंग पाहून कोणी दचकत नाही. चार्ली चॅप्लिनच्या आरंभीच्या चित्रपटांनाही ग्राम्य म्हणून हिणवले गेले होते. त्यांतला धक्का विरला, पण चॅप्लिन उरला. कारण धक्क्याखाली माणूस होता. दादांच्या चित्रपटांनाही काळ हीच चाळणी लावणार आहे.

हशासाठी ठेवलेली जागा

आता कलेच्या प्रश्नाकडे येऊ. येथे चाहत्यांच्या दोन पिढ्यांत गैरसमज आहे, आणि तो केवळ माहितीअभावी आहे.

लोकनाट्यात नट वाक्य टाकतो आणि थांबतो. हशा येतो, चढतो, ओसरू लागतो, आणि तो पूर्ण विरण्याच्या आत पुढचे वाक्य पडते. किती थांबावे हे त्या रात्रीचा प्रेक्षक सांगतो. ‘विच्छा’च्या प्रयोगांत दादा ताज्या घडामोडींवर नवे नवे वाक्य घालीत, आणि प्रेक्षकांचा अंदाज घेऊन प्रयोग लांबवीत किंवा आवरीत. शेकडो प्रयोगांनी त्यांच्या कानात हशाचे घड्याळ बसले होते. चित्रपटात हे चालत नाही. तेथे थांबण्याची वेळ चित्रीकरणाच्या आणि संकलनाच्या वेळीच ठरवावी लागते. प्रेक्षक समोर नसताना त्याच्या हशाची लांबी अदमासाने धरावी लागते. जागा कमी सोडली तर पुढचे वाक्य हशात बुडते. जास्त सोडली तर पडद्यावरची माणसे उगाच उभी राहिल्यासारखी दिसतात.

दादांनी जागा सोडली ती भरलेल्या थेटरासाठी. आता तोच चित्रपट एकटा मनुष्य फोनवर पाहतो. वाक्य पडते, आणि पाठोपाठ एक लांबलचक शांतता येते. त्याला वाटते, ‘केवढा संथ चित्रपट! चेहरे काय वेडेवाकडे करताहेत!’ ती शांतता रिकामी नाही, त्याच्या आजोबांच्या हशासाठी राखून ठेवलेली आहे. आजोबा म्हणतात ‘धमाल’, नातू म्हणतो ‘कंटाळवाणा’, आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. कारण आजोबांनी पाहिलेल्या चित्रपटात अर्धा वाटा शेजारच्या आठशे लोकांचा होता.

आणि द्व्यर्थाला तर या आठशे लोकांची नितांत गरज असते. भरल्या थेटरात मोकळी जागा आली की प्रत्येकाला अर्थ कळतो, पण आपल्याला तो कळला हे लगेच दाखवावे की नाही, या संकोचात क्षणभर जातो. मग कोठूनतरी एक हसू फुटते, आणि त्याच्या आडोशाने सगळे हसतात. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. गालातल्या गालात हसण्यापासून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसण्यापर्यंत. त्याने ते उत्तम, मध्यम आणि अधम माणसांत वाटून दिले, ही गोष्ट मार्मिक आहे. ती प्रतवारी विनोदाची नाही, हसणाऱ्याची आहे. दादांच्या थेटरात हे सहाही प्रकार एकाच वाक्याला एकदम हजर असत, आणि कोण कोणत्या प्रकारे हसतो हे पाहण्यातही निम्मी करमणूक होती.

स्वतंत्र असण्याचे दोन परिणाम

दादा हे स्वतंत्र चित्रपटकार होते, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय? ‘प्रभात’सारख्या संस्थेत दिग्दर्शकाच्या वर संस्था असे. चॅप्लिनने १९१९ साली तिघा सहकाऱ्यांबरोबर वितरणाची स्वतःची संस्था काढली ती दुसऱ्याच्या मर्जीवर राहावे लागू नये म्हणून. दादांनी मराठीत हेच केले. पैसा स्वतःचा, जोखीम स्वतःची, कामाक्षी पिक्चर्स ही संस्था स्वतःची, आणि मंडळी ठरलेली : नायिका उषा चव्हाण, संगीत राम-लक्ष्मण, गायक महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर. तमाशाचा फड जसा एका सरदाराभोवती उभा राहतो, तसा हा चित्रपटाचा फड होता.

अशा स्वातंत्र्याची किंमत किती होती, हे ‘सोंगाड्या’च्या वेळी दिसले. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हिंदी चित्रपटासाठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली गेली, तेव्हा शिवसेनेने उभे राहून ती मिळवून दिली. मराठी चित्रपटाला मराठी वस्तीत पडदा मिळण्यासाठी भांडावे लागले, ही गोष्ट त्या पिढीच्या चाहत्यांच्या मनात कायमची बसली. त्यांच्या प्रेमात हा अभिमानही मिसळलेला आहे. गिरणगावात राहणाऱ्या आणि सणासुदीला आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, परतणाऱ्या माणसाला पडद्यावर आपल्यासारखे बोलणारा नायक प्रथमच दिसला होता. त्यांच्यापुढे दादांचे दोष सांगताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु स्वातंत्र्याला दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर कोणी नाही, त्याला ‘हे नको’ म्हणणाराही कोणी नाही. सबनीसांसारखा लेखक आणि वेगळा दिग्दर्शक असताना दादांच्या विनोदाला कथेचा काठ होता. पुढे निर्माता, दिग्दर्शक, नायक सारे एकच झाल्यावर, जे एकदा चालले ते पुन्हा करण्याचा मोह आवरणारे कोणी राहिले नाही. त्यातच काळही फिरला. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, पुढे व्हिडिओ आला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने दादांचा हक्काचा प्रेक्षकच पांगवला. ज्या लोकांसाठी तो विनोद जन्मला ते लोक गावी परतले किंवा विखुरले. विनोद मात्र त्याच पत्त्यावर जात राहिला.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या पुनरावृत्तीची सर्वांत मोठी झळ स्त्रीपात्रांना लागली. तमाशातली नाची आणि सोंगाड्या यांची जुगलबंदी बरोबरीची असते. ती त्याला निरुत्तर करते, म्हणून गंमत येते. ‘सोंगाड्या’तली कलावती अशी बरोबरीने उभी आहे. पुढे पुढे स्त्री ही उत्तर देणारी न राहता केवळ मोकळी जागा भरण्याचे निमित्त झाली. जे चाहते ‘बायकांनाही हे चित्रपट आवडत’ असे सांगतात त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण कोणते चित्रपट, हेही त्यांनी सांगावे.

पारख कशी करावी?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन पाहिले तर एका साच्यातून शेकडो मूर्ती निघताना दिसतात. अंग, सोंड, आसन, सारे तेच. पण डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि जाणकार गिऱ्हाईक मूर्ती घेताना आधी डोळे पाहते. साचा एक म्हणून सर्व मूर्ती सारख्या, असे पेणमध्ये कोणी म्हणणार नाही. चित्रपटांच्या बाबतीतही आपण हीच सवय लावून घ्यावी. दादांच्या चित्रपटांचा साचा एक आहे. म्हणून सगळेच थोर किंवा सगळेच टाकाऊ, हे म्हणणे आळशीपणाचे आहे. प्रत्येकाचे डोळे पाहावेत.

त्यासाठी तीन प्रश्न पुरे आहेत. नायकाचा भोळेपणा खरा आहे की पांघरलेला? हशा कोणावर पडतो, बळवंतावर की दुबळ्यावर? आणि समोरच्या पात्राला, विशेषतः स्त्रीला, उत्तर देण्याची संधी आहे की नाही? हे प्रश्न दादांपुरतेच नाहीत. राजा परांजप्यांचा १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’, पु. ल. देशपांड्यांचा १९५३ सालचा ‘गुळाचा गणपती’, किंवा १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’, कोणताही विनोदी चित्रपट यांवर घासून पाहावा. ज्यात एकही चावट शब्द नाही असा एखादा सोज्ज्वळ चित्रपट दुबळ्याची कुचेष्टा करताना सापडेल, आणि चावट म्हणून हिणवलेला एखादा चित्रपट माणुसकीच्या बाजूने उभा असलेला दिसेल.

आमच्या मते ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’ आणि ‘पांडू हवालदार’ हे या कसोट्यांना उतरतात आणि मराठी विनोदी चित्रपटांच्या पहिल्या रांगेत बसतात. पुढच्यांपैकी काहींत भाषेचे कसब शाबूत आहे, पण कथेतले माणूसपण पातळ झाले आहे; आणि हिंदीत तर मराठी व्याकरणाची ती मोकळी जागाच हरवल्यामुळे हत्याराची धार गेली. हा निर्णय कोणी मान्य करावा असा आमचा आग्रह नाही. वाद मिटावा, अशीही आमची इच्छा नाही. ज्या गावात चित्रपटावरून वाद होतो, त्या गावात रसिकता जिवंत आहे असे समजावे. पण सारेच कचऱ्यात टाकले तर आपण शिमगा, बतावणी, हळद यांतून आलेली आपलीच बोली टाकून देतो. आणि सारेच डोक्यावर घेतले तर बरे-वाईट निवडण्याची आपली शक्ती गमावतो. दोन्ही नुकसान आपलेच आहे.

म्हणून श्रोत्यांना एवढीच सूचना, की पुढच्या वेळी ‘सोंगाड्या’ पाहाल तो एकट्याने पाहू नये. दहा-वीस माणसे, तीही निरनिराळ्या वयांची, एकत्र बसवावीत, आणि दादा थांबतील तेथे हसण्यास पुरेसा अवधी द्यावा. मग खुशाल वाद घालावा. त्या वादात ‘चांगला’ आणि ‘वाईट’ या दोन शब्दांऐवजी ‘का’ हा एक शब्द अधिक वेळा ऐकू आला, तरी आमचे सांगणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.